रजेच्या अर्जातला 'कारण' नावाचा रकाना

रजेचा अर्ज कागदावर भरा नाहीतर अ‍ॅपमध्ये, त्यात एक रकाना हमखास असतो. कारण. कधीपासून, कधीपर्यंत, एकूण किती दिवस हे मी समजू शकतो, तेवढं ऑफिसला कळायलाच हवं. पण कारण कशाला? आजारपणाची रजा असेल तर ठीक आहे, ती रजा कारणावरच उभी असते. मी बोलतोय ते वर्षाच्या हक्काच्या पगारी रजेबद्दल, कुणी तिला पीएल म्हणतं कुणी ईएल, मराठीत तिला अर्जित रजा असा छान शब्द आहे आणि अर्जित म्हणजे कमावलेली. आता जी गोष्ट मी ऑलरेडी कमावलीय ती मी कशी खर्च करणार हे साहेबाला का सांगायचं? महिन्याचा पगार जमा करताना अकाउंट्सवाले विचारत नाहीत की बाबा रे या पैशाचं तू काय करणार आहेस ते आधी सांग, पटलं तर सोडतो. रजेच्या बाबतीत मात्र नेमकं हेच चालतं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही.

मग त्या रकान्यात आपण सगळेच वर्षानुवर्षं तेच ते लिहितो. 'वैयक्तिक काम'. 'घरगुती कारण'. 'अर्जंट पर्सनल वर्क'. खरं कारण असतं की घरी लोळायचंय, किंवा कारण असं काही नसतंच, नुसता जीव उबगलाय. पण जीव उबगला असं लिहिलं तर साहेब म्हणणार, एवढ्यासाठी रजा? म्हणजे लग्न, दवाखाना नाहीतर मयत, यातलं काहीतरी झालं तरच माणूस रजेला पात्र. बाकी वेळी त्याने शिल्लक बघत बसायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पगारी रजा ही पगाराचाच एक भाग आहे, आणि ती कर्मचाऱ्याने मागायची आणि मालकाने मोठ्या मनाने द्यायची ही जी पद्धत पडलीय ती उलटी आहे. दिलेली रजा खरंच घेतली जातेय की नाही हे बघायची जबाबदारी देणाऱ्याची असायला हवी. ऐकायला जरा जास्त वाटेल, पण आधी हिशेब बघा.

पाच दिवसांचा आठवडा धरला तर वर्षाचे कामाचे दिवस साधारण २६०. त्यात समजा २० दिवस पगारी रजा. तुमचा पगार वर्षाचा ठरतो, म्हणजे सौदा असा झाला की २४० दिवस काम आणि २० दिवस रजा मिळून एवढे एवढे पैसे. मालकाने आकडा काढताना हे धरलेलंच असतं, तो काही झोपेत ऑफर लेटर देत नाही. आता ते २० दिवस तुम्ही कामावर आलात आणि वर्ष संपल्यावर रजा लॅप्स झाली, तर तुम्ही चार आठवडे फुकट काम केलंत. जवळजवळ एक महिना. एखाद्या कंपनीने वर्षातून एका महिन्याचा पगारच दिला नाही तर केवढा गहजब होईल, लोक लेबर ऑफिसात जातील, कोर्टात जातील. रजा लॅप्स होते तेव्हा एचआरचं एक मेल येतं, 'आपली शिल्लक १४ दिवस पुढे नेता येणार नाही याची नोंद घ्यावी', आणि आपण खरंच फक्त नोंद घेतो. मी घेतलीय, तीन वर्षं लागोपाठ. वर आपण किती मन लावून काम करतो याचा थोडा अभिमानही वाटायचा तेव्हा, आता त्याची लाज वाटते.

रजा कामातून तयार होते हे तर कायदे उघडउघड मांडतात. भारतातल्या १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमधलं सूत्र होतं की दर २० दिवस कामामागे एक दिवस रजा. ब्रिटनमध्ये ज्यांच्या कामाचे तास ठरलेले नसतात त्यांच्यासाठी १२.०७ टक्के असा एक विचित्र आकडा वापरतात, तो आला कुठून तर तिथे वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा आहे, ५२ मधून ती वजा केली की उरतात ४६.४ आठवडे, आणि ५.६ भागिले ४६.४ म्हणजे १२.०७ टक्के. म्हणजे एक तास काम केलं की सव्वासात मिनिटं रजा तुमच्या खात्यात पडली. कुणी खूश होऊन दिलेली नाही, घड्याळ लावून मोजलेली आहे.

तरीही तिला 'बेनिफिट' म्हणतात. ऑफर लेटरमध्ये एक यादी असते, मेडिकल इन्शुरन्स, जिमची सवलत, चहा-कॉफी मोफत, आणि त्याच यादीत पगारी रजा. मला वाटतं ही सवय अमेरिकन पद्धतीच्या एचआरकडून आलीय, कारण तिथे ती खरोखरच मालकाच्या मर्जीवर आहे. १९३८ च्या तिथल्या फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टने किमान वेतन आणि ओव्हरटाइम ठरवला पण पगारी रजेचा एक दिवससुद्धा सक्तीचा केला नाही, आणि आजही देशभराला लागू असा तसा कायदा नाही. पण गंमत बघा, त्याच अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ साली सांगितलं की कामातून साठत गेलेली रजा हे वेतनच आहे, फक्त नंतर द्यायचं ठेवलेलं, त्यामुळे ती जप्त करता येत नाही आणि नोकरी सोडताना तिचे पैसे चुकते करावे लागतात. द्यायची की नाही हे मालकाने ठरवावं, पण एकदा देतो म्हटलं की मग ती त्याची राहिली नाही.

हे सगळं फार जुनं नाहीये. इंग्लंडमध्ये लँकेशर भागातल्या कापडगिरण्या वर्षातून एक आठवडा बंद राहायच्या, त्याला वेक्स वीक म्हणत, त्या काळात बॉयलर आणि यंत्रांची दुरुस्ती व्हायची आणि अख्खं गाव रिकामं होऊन ब्लॅकपूलच्या समुद्राकडे जायचं. ऐकायला छान वाटतं ना. पण त्या आठवड्याचा पगार नसायचा. म्हणून कामगारांनी 'गोइंग ऑफ क्लब' काढले होते, म्हणजे आपली भिशी म्हणा हवं तर, दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे आणि सुट्टी आली की काढायचे. गिरणी बंद ठेवायची मालकाला गरज आणि त्याचा खर्च कामगाराच्या वर्षभराच्या बचतीतून. सुट्टी होती, पगारी नव्हती, आणि या एका शब्दाने केवढा फरक पडतो हे त्या भिशीवरून कळतं. ब्रिटनमध्ये पगारी सुट्टीचा कायदा आला १९३८ साली आणि तोही सरसकट सगळ्यांना नव्हताच.

फ्रान्समध्ये तो दोन वर्षं आधी आला होता आणि कुणी खूश होऊन दिला नव्हता. १९३६ च्या मे-जूनमध्ये लाखो कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसले, उत्पादन ठप्प, मग पंतप्रधान लेऑन ब्लूम यांच्या सरकारने २० जूनला दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. त्या उन्हाळ्यात रेल्वेने ४० टक्के सवलतीची खास तिकिटं काढली आणि साधारण सहा लाख लोकांनी ती वापरली. कायदा होऊन चारच दिवस झाले होते तेव्हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही पगारी रजेचा पहिला करार मंजूर केला, त्यात वर्षाला फक्त सहा दिवस होते. पुढे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम २४ मध्ये विश्रांतीबरोबर 'ठरावीक काळाने पगारी सुट्टी' असे चक्क शब्द आले. १९७० च्या नव्या करारात सहा दिवसांचे तीन आठवडे झाले. युरोपियन युनियनमध्ये आता चार आठवडे किमान आहेत आणि फ्रान्स १९८२ पासून पाचावर आहे. हे आकडे मी पाठ करायला सांगत नाहीये, पण दर वेळी 'धंदा बुडेल' असं कुणीतरी म्हटलंच असणार आणि धंदे काही बुडाले नाहीत.

बरं, पण दिवस किती हा माझा मुख्य मुद्दा नाहीच. कागदावर ३० दिवस देऊन वर्षाला सहा घेतले जात असतील तर त्या ३० ला अर्थ काय.

जपानचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. तिथे कायद्याने सहा महिने नोकरी झाली की १० दिवस, पुढे वाढत वाढत २० पर्यंत. कागदावर वाईट नाही. पण या शतकाच्या सुरुवातीची कितीतरी वर्षं लोक मिळालेल्या रजेतली निम्मीसुद्धा घेत नव्हते. कुणी अडवत होतं असंही नाही. मी नसलो तर माझं काम शेजारच्या टेबलवर जाणार, तो उशिरापर्यंत बसणार, आणि परत आल्यावर मी सगळ्यांना सॉरी म्हणत फिरणार, त्यापेक्षा नकोच ती रजा. ही भावना फक्त जपानी आहे असं कुणी समजू नये, रजेचा मेल टाइप करून तीन वेळा ड्राफ्टमध्ये ठेवणारा माणूस प्रत्येक ऑफिसात सापडतो. शेवटी तिथल्या सरकारने एप्रिल २०१९ पासून नियम केला की ज्याला १० किंवा जास्त दिवस मिळतात त्याला वर्षात निदान पाच दिवस रजा द्यायलाच हवी, आणि ती जबाबदारी मालकाची. कर्मचारी मागत नसेल तर त्याच्याशी बोलून तारखा ठरवा, पण द्या, नाहीतर माणशी तीन लाख येनपर्यंत दंड. आणि मग ते प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेलं. म्हणजे इतकी वर्षं 'आमच्याकडे लोकांनाच रजा नको असते' म्हणत होते, ते तसं नव्हतं.

युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०१८ साली हेच दुसऱ्या बाजूने सांगितलं. जर्मनीतल्या माक्स प्लांक सोसायटी या संशोधन संस्थेचं प्रकरण होतं, कर्मचाऱ्याने रजा मागितली नाही म्हणून ती संपली का, असा प्रश्न. कोर्टाचं म्हणणं असं की नुसतं मागितली नाही म्हणून संपत नाही, मालकाने त्याला स्पष्टपणे आणि वेळेत सांगायला हवं होतं की तुझी एवढी रजा आहे, ती घे, नाही घेतलीस तर जाईल, आणि हे सांगितलं होतं हे मालकाने सिद्ध करायचं. मला हा निकाल फार आवडतो, कारण कर्मचारी आणि मालक या नात्यात दुबळा कोण आहे हे त्यात न लाजता मान्य केलंय. ज्याचं अप्रेझल समोरच्याच्या हातात आहे त्याला आपण म्हणतो की तू मोकळेपणाने माग की, कोण नाही म्हणतंय. नाही कुणीच म्हणत नाही हो. फक्त 'आत्ता? रिलीजच्या आधी?' असं विचारतात. आणि रिलीज तर कायमच यायची असते.

आणि हा जो सहकाऱ्यांचा राग असतो ना, अमुक गेला रजेवर आणि माझ्या बोकांडी बसलं त्याचं काम, तो राग चुकीच्या माणसावर निघतो. टीममध्ये पाच माणसं आहेत आणि काम बरोब्बर पाच माणसांचं आहे, तर रजा दिलीच कुठे? प्रत्येकाला महिनाभर रजा असेल तर पाच जणांची मिळून वर्षाला पाच माणूस-महिने तूट येणार हे पहिल्या दिवशीच माहीत असतं, त्याची सोय न करता वेळापत्रक आखलं असेल तर तो प्लॅनिंगचा घोटाळा आहे. पण भांडण मात्र रजेवर गेलेल्यात आणि मागे राहिलेल्यात लागतं आणि घोटाळा करणारा म्हणतो, 'तुम्ही आपापसात ठरवा.' वर काही ठिकाणी वर्षभर एकही रजा न घेणाऱ्याला स्टेजवर बोलवून सर्टिफिकेट देतात, शाळेत पूर्ण हजेरीचं बक्षीस देतात तसं. सगळे टाळ्या वाजवतात. ज्याचे वीस दिवसांचे पैसे कंपनीने ठेवून घेतले त्याला पुठ्ठ्याचा कागद.

आता एन्कॅशमेंट, म्हणजे रजा न घेता तिचे पैसे घेणं. इथे माझं बऱ्याच जणांशी पटत नाही, मित्रांशी तर भांडणं झालीत. त्यांचं म्हणणं सरळ आहे, रजा माझी, वेतनाचाच भाग आहे असं तूच म्हणतोस, मग मला ती विकायची असेल तर तू कोण अडवणारा? मुलांच्या फिया भरायच्या असतात, हप्ते असतात, घरी बसून काय करू. हे बोलणं हसण्यावारी न्यायचं नाही, कारण ते बहुतेक वेळा खरं असतं.

पण जरा पुढचा विचार करा. रजा विकता येते हे ठरलं की ती हळूहळू पगाराची टॉपअप होते, आणि पगार ठरवताना ती टॉपअप धरली जाते. मग रजा घेणारा माणूस आपोआप तोट्यात, त्याला वाटतं आपण पैसे सोडून आलो. आणि विकतो कोण? ज्याचा पगार भागत नाही तो. ज्याचं काम अंगमेहनतीचं, ज्याला रजेची सगळ्यात जास्त गरज, त्याचीच रजा बाजारात येते आणि बरा पगार असलेला निवांत आठवडाभर फिरून येतो. सेफ्टी हेल्मेटचं कुणी असं म्हणतो का, की मला हेल्मेट नको, त्याचे पैसे रोख द्या? म्हटलं तरी आपण देत नाही. श्रम संघटनेच्या १९७० च्या करारात म्हणूनच स्पष्ट आहे की किमान रजा पैशाच्या बदल्यात सोडून द्यायचा करार रद्दबातल समजला जाईल, आणि युरोपातही नोकरी संपताना सोडून किमान रजेचे पैसे देता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाने मधला रस्ता काढलाय, विकायची तर विका पण विकून झाल्यावर खात्यात चार आठवडे शिल्लक राहायला पाहिजेत. मला हा पटतो. किमान भागाला हात लावायचा नाही, वरचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

नेदरलँड्समध्ये तर याच्या पार उलटं आहे. तिथे वर्षाच्या पगाराच्या किमान ८ टक्के रक्कम सुट्टीचा भत्ता म्हणून वेगळी मिळते, बहुतेकांना मे महिन्याच्या आसपास, म्हणजे रजेवर जाणाऱ्याच्या हातात खर्चायला काही असावं. रजेवर जा म्हणून पैसे, आणि रजेवर जाऊ नका म्हणून पैसे, दोन्ही रीती जगात आहेत. कुठली रीत कुणाच्या सोयीची हे सांगायला नको.

एन्कॅशमेंटपेक्षाही जास्त राग मला अनलिमिटेड लीव्हचा येतो. हे नवीन फॅड. रजा मोजायचीच नाही, हवी तेवढी घ्या, आमचा तुमच्यावर विश्वास आहे. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पगारदार कर्मचाऱ्यांसाठी ही पद्धत सुरू केली आणि आधीची शिल्लक पैशात चुकती करून खातं बंद केलं. उदारपणा वाटतो वरवर. पण अकाउंट्सच्या बाजूने बघा, शिल्लक रजा हे कंपनीच्या पुस्तकात देणं असतं, कर्मचारी सोडून गेला की ते फेडावं लागतं. अनलिमिटेड केलं की साठत काहीच नाही, त्यामुळे देणं शून्य. आणि कर्मचाऱ्याच्या बाजूने काय झालं तर आधी त्याच्याकडे २० हा आकडा होता, तो बोट दाखवून म्हणू शकत होता की माझे आठ राहिलेत. आता आकडाच नाही, म्हणजे किती घेणं शोभतं हे आजूबाजूला बघून ठरवायचं, आणि आजूबाजूचाही तेच करतोय. बुफेला सगळ्यात आधी प्लेट कोण उचलणार म्हणून सगळे भिंतीला टेकून उभे असतात, तसं. अमर्याद द्यायचीच असेल तर खाली एक किमान बांधा, की एवढी तर घ्यावीच लागेल. मग मी गप्प बसतो.

मालकाची बाजू नाही असं नाही. मोठ्या कंपनीला काही सांगायची गरज नाही, तिला जमतं, पण चार माणसांच्या वर्कशॉपमध्ये लेथवरचा एकुलता एक जाणकार पंधरा दिवस गेला तर खरंच ऑर्डर अडकते. हे मी जवळून बघितलंय आणि तो मालक काही राक्षस नव्हता, तो स्वतः तर कधीच रजेवर जायचा नाही. अशा ठिकाणी वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा ठरवणं, किंवा मंद सीझनला सरळ आठवडाभर शटर खाली करून सगळ्यांना पगारी सुट्टी देणं हे जमण्यासारखं असतं, त्या लँकेशरच्या गिरण्यांसारखं, फक्त या वेळी पगार देऊन. थोडा खर्च येतोच. पण एका माणसाविना पंधरा दिवस न चालणारा धंदा तो माणूस आजारी पडला किंवा सोडून गेला तरी अडकणारच असतो, तेव्हा तर आधी सांगूनही होत नाही.

बँकांना हे चांगलं कळलंय, आणि तेही प्रेमापोटी नाही. २००८ च्या जानेवारीत सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेत एका ट्रेडरच्या लपवलेल्या सौद्यांमुळे सुमारे ४.९ अब्ज युरोंचा तोटा उघड झाला. आधीच्या अख्ख्या वर्षात त्याने जेमतेम चार दिवस रजा घेतली होती, आणि साहजिक आहे, कारण तो रजेवर गेला की दुसरा कुणीतरी ती पुस्तकं उघडणार. म्हणजे जो माणूस इतर ठिकाणी स्टेजवर सर्टिफिकेट घेतो तो बँकेच्या तपासणी खात्याला संशयित वाटायला हवा. रिझर्व्ह बँकेचा आपल्याकडच्या बँकांना नियमच आहे की नाजूक जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून निदान १० कामाचे दिवस सलग रजेवर पाठवायचं, आणि तेही त्याला आधी न कळवता. त्या काळात त्याने कामाला हात लावायचा नाही. इथे कसं बरोब्बर जमतं बघा, कामही अडत नाही, हँडओव्हरही होतो, आणि 'कारण'चा रकाना कुणी भरायला सांगत नाही. बँकेच्या पैशाला धोका दिसला की सलग दहा दिवस रजा शक्य होते.

लोक म्हणतील तू तब्येतीचं बोलतच नाहीयेस. मुद्दाम बोलत नव्हतो. जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटनेने २०२१ मध्ये मिळून अंदाज काढला होता की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करण्यामुळे २०१६ या एका वर्षात ७ लाख ४५ हजार माणसं पक्षाघाताने आणि हृदयविकाराने गेली. आकडा भयंकर आहे. पण तो लांबलेल्या तासांचा आहे, वर्षातून एकदा पंधरा दिवस रजा घेऊन त्यावर उतारा पडतो असं म्हणणं म्हणजे रजेच्या गळ्यात भलतंच ओझं बांधणं. उलट रजेवर जे अभ्यास झालेत त्यातून बऱ्याचदा हेच दिसतं की परत आल्यावर ताजेपणा काही आठवड्यांतच ओसरतो. तो अनुभव कुणाला नाही, सोमवारी दुपारपर्यंत इनबॉक्स बघूनच उतरतो. म्हणून 'रजा द्या, माणूस फ्रेश होऊन जास्त काम करेल' हा जो एचआरच्या प्रेझेंटेशनमधला युक्तिवाद आहे तो मला वापरायचाच नाही. उद्या कुणी सिद्ध केलं की रजेने प्रॉडक्टिव्हिटी अजिबात वाढत नाही, तर काय रजा काढून घेणार? पगार दिल्याने माणूस सुखी होतो का याचा सर्व्हे करून कुणी पगार देत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी ठेवली, कारण वरचं सगळं ज्यांना लागू आहे ते तरी नशीबवान. रोजंदारीवाला, कंत्राटी, अ‍ॅपवर डिलिव्हरी करणारा, यांना सुट्टी म्हणजे सरळ खाडा. न आलेल्या दिवसाचे पैसे नाहीत, विषय संपला. त्यांना सांगतात की तुम्ही तुमचे मालक, हवी तेव्हा सुट्टी घ्या, मोबाइल बंद केला की झालं. हे अनलिमिटेड लीव्हचंच बिनपगारी रूप आहे. २०२१ साली ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने उबरच्या ड्रायव्हरांना स्वतःचे मालक नव्हे तर वर्कर ठरवलं तेव्हा त्यांना किमान वेतनाबरोबर पगारी रजाही लागू झाली, ते सव्वासात मिनिटांचं गणित त्यांनाही. आणि 'आज इथे उद्या तिथे काम करणाऱ्याची रजा मोजायची कुणी' या प्रश्नाला उत्तर नाही असंही नाही. जर्मनीत बांधकामाच्या धंद्यात सोका-बाऊ नावाचा सामायिक फंड आहे, प्रत्येक ठेकेदार त्यात भर घालतो, मजुराने ठेकेदार बदलला तरी त्याची साठलेली रजा त्याच्याबरोबर पुढे जाते. फ्रान्समध्येही बांधकामात असे फंड १९३६ च्या कायद्यानंतर लगेच उभे राहिले. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, वह्या होत्या. आज ज्या अ‍ॅपला डिलिव्हरीवाला कुठल्या सिग्नलला किती सेकंद थांबला हे कळतं, त्याला तासामागे सव्वासात मिनिटं मोजता येत नाहीत हे कुणी मला सांगू नये.

त्या रकान्याचं राहिलंच. मागच्या वर्षी मी ठरवलं की कारण लिहायचं नाही, बघू काय होतं. अ‍ॅपमध्ये तारखा भरल्या, कारण मोकळं सोडलं, सबमिट दाबलं तर लाल अक्षरात आलं की हा रकाना भरणं आवश्यक आहे. स्पेस दिली, नाही घेतलं. मग एक टिंब टाकलं, नुसतं टिंब. पाच मिनिटांत रजा मंजूर झाली. म्हणजे ते कारण आजवर कुणी वाचतच नव्हतं, आणि मी अकरा वर्षं 'घरगुती काम' लिहीत होतो.